उसनी गेलेली मोटार

परवा सोलापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. दारातच नवरदेवासाठी भाड्याने आणलेली एक जुनी मोटार उभी होती. काळीभोर, कडेने पितळी पट्ट्या, पुढे दोन वाटोळे दिवे, बाजूला पाय ठेवून चढायची लांब फळी आणि टपावर झेंडूच्या माळा. बायका तिला टेकून फोटो काढून घेत होत्या. मला फोटोची हौस नाही, पहिली पंगत गाठायची होती. पण तिच्याजवळून जाताना नाकात एक वास शिरला आणि पाय जागीच थांबले. पेट्रोल, तापलेलं रबर, जुनं कातडं आणि ह्या सगळ्याच्या तळाशी उन्हात तापलेल्या काथ्याचा कोरडा, किंचित गोडसर वास. मी काचेतून आत डोकावले. पुढची गादी जुनी, सुरकुतलेली, मानाची. मागची मात्र नवीकोरी, तांबडीभडक, जणू दुसऱ्याच्या घरी पाहुणी आलेली.

मोटारीसोबत आलेले गृहस्थ पांढरे हातमोजे घालून उभे होते. मी बघते आहे म्हटल्यावर ते पुढे आले. "सगळे पार्ट ओरिजनल आहेत, काकू. पाहिजे तर हात लावून बघा."

"आणि मागची गादी?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा जरा उतरला. "तेवढी नाही मिळाली," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. भरल्या मांडवाच्या दारात, नवरदेवाच्या मोटारीशेजारी उभी राहून एक सत्तरी ओलांडलेली बाई तोंडाला पदर लावून हसते आहे, हे बघून आमच्या ह्यांनी हळूच तोंड फिरवलं. त्यांनाही आठवलंच असणार. बाप त्यांचा, मोटार त्यांच्या बापाची, आणि गादी त्यांच्या आईची.

माझं लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालं. वऱ्हाडी मोजके, पंगत साधी, आणि पाण्याचा टँकर वेळेवर आला हाच त्या लग्नातला सगळ्यात मोठा मानपान. माझं माहेर बार्शीचं, म्हणजे तसं शहरगावचं. सासर भूमच्या बाजूला, कोरड्या माळावर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. मामा उंच, किडकिडीत, अंगात कायम खाकी सदरा, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्यानंच जवळ सरकावं. आत्याबाई त्यांच्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की चुलीपुढून हाक मारली तर मळ्यातला गडी काम टाकून यायचा. त्या चुलीपुढेच भिंतीशी त्यांची बसायची जागा होती. एक लांब, जाड गादी, वर दोन वाकळा घातलेल्या. भाकरी झाल्या की त्या तिथं बसून जोंधळे निवडायच्या, लसूण सोलायच्या, गावाचा निवाडा करायच्या. उठता-बसता गादीतून बारीक कुरकुर व्हायची. मला बरेच दिवस वाटायचं, उंदीर आहेत. "माहेरची हाय," एवढंच त्या सांगायच्या, आणि सासूच्या माहेरच्या वस्तूची सुनेनं जास्त चौकशी करू नये एवढी अक्कल मी बार्शीहून घेऊन आले होते. पुरुषमाणूस तर आमच्याकडे स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. ताट सोप्यात, चहा सोप्यात, रुसवेफुगवेही सोप्यात.

हळदीच्या अंगानं तुळजापूरला जाऊन यायचं ही आमच्याकडची रीत. आई भवानीपुढे जोडीनं डोकं टेकलं की लग्न पुरतं झालं. आम्ही यष्टीनं निघालो तेव्हा मी सुनेच्या मर्यादेनं म्हटलं, आत्याबाई, तुम्हीही चला. त्यांनी सुपातून मान वर काढली नाही. म्हणाल्या, "म्या कशी यिऊ? माजंच लगीन अजून अर्धं राह्यलंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे छताकडे. चार लेकरं झाली, थोरल्याचं लग्न कालच लागलं, आणि ह्या बाईंचं लग्न अर्धं? बाहेर सोप्यात बसलेल्या मामांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

यष्टीत बसल्यावर ह्यांनी सगळं सांगितलं. निजामाच्या राज्यात आमच्या गावच्या जहागीरदाराकडे हैदराबादेहून आणलेली विलायती मोटार होती आणि मामा तिचे ड्रायव्हर होते. मामांचं लग्न ठरलं तेव्हा जहागीरदार खुशीत येऊन म्हणाला, मोटार घेऊन जा. मामांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी मुलीच्या घरी सांगून टाकलं की नवरीला लग्नाच्या मांडवातून थेट मोटारीनं तुळजापूरला नेतो. आत्याबाईंचं अख्खं माहेर वेशीपर्यंत निरोप द्यायला आलं होतं म्हणे. आणि आमच्या गावाजवळच्या ओढ्यात मोटार पाण्यात उतरली ती तिथंच बसली. मामांनी इंजिनात जे डोकं घातलं ते दिवस कलंडेपर्यंत बाहेर काढलं नाही. शेवटी बैल जोडून मोटार गावात आणावी लागली. नवरीची वरात बैलांनी ओढलेल्या मोटारीतून, आणि बघायला पंचक्रोशी. आत्याबाई उतरल्या, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि नवऱ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलल्या. "तुळजापूरला मोटारीतनं नेतो म्हनलाव. न्याल तवा यीन."

शब्द पाळला तो आत्याबाईंनीच, असं म्हणायला हवं. मामांनी नेलं नाही, ह्या गेल्या नाहीत. नवरात्रात गावातून गाड्या भरभरून जायच्या. आत्याबाई अंगणात उभं राहून तुळजापूरच्या दिशेला हात जोडायच्या आणि आत येऊन भाकरी थापायला बसायच्या. बोलून दाखवायचं मात्र सोडलं नाही. मीठ जास्त पडलं तरी कारण तेच, अर्धवट लग्नाच्या बाईच्या हाताला चव कुठून यायची.

मग ती मोटार गेली कुठं, असं तुम्ही विचाराल. ती कुठंच गेली नव्हती, आणि सगळीकडे गेली होती. पोलिस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादेला निघून गेला. जाताना मामांना म्हणाला, ठेव तुझ्याकडे. बंद पडलेली मोटार आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. आता आमच्या गावात उसनं देण्याघेण्याचा एक अलिखित कायदा होता. जे पडून आहे ते मागावं, आणि मागितलं की द्यावं. शिडी, दोर, कढई, सतरंज्या, सगळं असंच गावभर फिरत असायचं. "पडूनच हाय नव्हं?" एवढं म्हटलं की पुढचं बोलणं खुंटलं. जी वस्तू वापरात आहे ती मात्र कुणी मागायची नाही, मग ती कुणाची का असेना. आणि शेवटचं कलम सगळ्यांत कडक: दिलेलं उसनं तोंडानं परत मागायचं नाही, घेणाऱ्यानं आपण होऊन आणून द्यायचं. मागितलं की माणूस हलका झाला. मामांचा स्वभाव तर असा की कुणाला नाही म्हणायचं तर त्यांनाच घाम फुटायचा. एवढी मोठी मोटार गोठ्यात पडून आहे म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय?

पहिल्यांदा चाकं गेली, सुगीपुरती. ती एका गडीमाणसानं बैलगाडीला बसवली आणि सुगीमागून सुग्या आल्या. पुढची गादी न्हाव्यानं नेली. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली तिच्यावर बसून गाव दाढी करून घेऊ लागलं. हॉर्न तालमीत गेला, तिथून मेळ्यात, तिथून आणखी कुठं. बॉनेट उलटं ठेवलं की त्यात दोन घागरी पाणी राहतं हा शोध वेशीबाहेरच्या एका म्हातारीनं लावला. एका दिव्याची आतली चकचकीत वाटी मारुतीच्या मूर्तीमागे प्रभावळ म्हणून बसली, आणि काय सांगू, शोभूनही दिसली. मी लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात मोटारीचा नुसता सांगाडा होता. त्यात शेळी व्याली होती.

तुळजापूरहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा सकाळी गोठ्यात गेले, शेळीला बाहेर बांधलं आणि सांगाड्याभोवती एक फेरी मारून आले. हळूच मला म्हणाले, "सूनबाई, औंदा तिला नेतो." का कोण जाणे, मला त्या माणसाची फार माया वाटली.

ते औंदा पुढं कितीतरी वर्षं चाललं.

अडचण अशी की वस्तू परत आणायच्या तर आहेत, पण मागायच्या नाहीत. मामांनी ह्यातून जी वाट काढली ती मी जन्मात विसरणार नाही. ज्याच्याकडे वस्तू असेल त्याच्याकडे जाऊन ते बसायचे. नुसते बसायचे. पावसाचं बोलायचे, चहा घ्यायचे, मधूनमधून त्या वस्तूकडे बघायचे आणि उठून यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. न्हाव्याकडे तर नुसतं बसता येईना, म्हणून रोज दाढी. गाल सोलवटून निघाले, आत्याबाई रोज खोबरेल लावायला द्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हाताऱ्याला म्हातारपनी रूप आलंय." शेवटी न्हावीच वैतागला. "मामा, उगवंस्तवर तरी थांबा की." मामा गादीच्या दांडीवरून हात फिरवत राहिले. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गादी त्याने स्वतः डोक्यावर घेऊन आणून दिली, पण एक अट घातली. मोटार सुरू झाली की त्याच गादीवर बसून मी तुळजापूरला येणार, इतकी वर्षं सांभाळलीय ती. मामांनी मान डोलावली. नाही म्हणता येत नव्हतंच.

बॉनेटचं काम सगळ्यांत लांबलं. म्हातारीच्या दोन गायी त्यात पाणी प्यायच्या. माणसं खडी फोडायला जात होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि अशात जनावरांच्या तोंडची डोण काढायची? ते तर वापरातलं, बघतसुद्धा बसायचं नाही. तरी मामा आठवड्यातून एकदा जायचे. गंज चढलाय का एवढं बघायचे, आपल्याकडची एक घागर त्यात रिकामी करायचे आणि परत यायचे. पुढे कधीतरी चांगला पाऊस झाला, गावाला पाझर तलाव झाला, गायी तलावावर जाऊ लागल्या, तेव्हा म्हातारीनं आपण होऊन निरोप धाडला. बॉनेट आणलं तर त्याला गायीच्या जिभांनी अशी तकाकी आली होती की मामांनी रंग द्यायचा बेतच सोडून दिला.

मारुतीच्या प्रभावळीला मात्र त्यांनी हात लावला नाही. देवळात जाऊन बसले, नाही असं नाही. पण मारुतीला कसलीच घाई नव्हती. मग त्या दिव्याच्या जागी ट्रॅक्टरचा दिवा बसला आणि मोटार थोडी चकणी झाली. तोवर तालुक्यात सहकार सुरू झाला होता. साखर कारखाना आला, त्याच्या वर्कशॉपात ओळख काढून इंजिनाचे तुकडे घासून झाले. पट्टा पिठाच्या गिरणीचा आला, गॅस्केट चांभाराकडून चपलेच्या कातड्याचं कापून घेतलं. रेडिएटर गळायचा थांबेना, तेव्हा मामांनी ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय केला आणि आत्याबाईंच्या डब्यातली मूठभर हळद त्यात टाकली. "घ्या," आत्याबाई आतून म्हणाल्या, "हळद बी लागली. आता अंतरपाट तेवढा धरा."

आणि हॉर्न. तो फिरत फिरत दूध सोसायटीत पोचला होता. पहाटे सोसायटीचा माणूस तो वाजवायचा आणि बायका चरव्या घेऊन निघायच्या. मामा सोसायटीत जाऊन बसू लागले. चेअरमन हुशार माणूस, त्यांनी दोन दिवसांतच ओळखलं. पण ते पडले सहकारी. "मामा, हॉर्न तुमचाच हाय, ह्यात वादच न्हाय. पर आता तो सोसायटीच्या वापरात हाय. ठराव करावा लागंल." पहिल्या बैठकीला माणसं कमी भरली, दुसऱ्या बैठकीत भांडणं झाली, तिसरीत ठराव झाला: सदर हॉर्न एक दिवसापुरता उसना देण्यात यावा, आणि त्याच्या देखरेखीसाठी चेअरमन यांनी सोबत जावे. स्वतःचा हॉर्न उसना मिळाला म्हणून मामांनी सोसायटीत पेढे वाटले. बैलगाडीवाल्यानं चाकं दिली तीही ह्याच बोलीवर, की चाकांबरोबर मीही येणार. म्हणता म्हणता मोटारीचीच सोसायटी झाली. ज्याचा भाग, त्याची जागा.

उरली मागची गादी. ती कुणाला दिली हे मामांना काही केल्या आठवेना. इतकं वाटून टाकलं होतं की तीही कुणाला तरी दिलीच असणार, ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती. मग शोध सुरू झाला. मामा कुणाच्याही घरी जायचे आणि बोलता बोलता शेजारच्या वाकळेचं टोक उचलून खाली बघायचे. कुणाच्या बाजेखाली वाकायचे, कुणाच्या अंथरुणाच्या ढिगात हात घालायचे. गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी दोघीतिघी आत्याबाईंकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या, की मामा आमच्या वाकळा उचलून बघत्यात, हे काय बरं दिसतं? आत्याबाई आपल्या जागेवर बसून जोंधळे निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "हुडकू द्या. सापडंल कवातरी." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्याच गादीवर.

माझी थोरली लेक शाळेत जाऊ लागली, गावात वीज आली, आणि एका मंगळवारी सकाळी मामांनी हँडल मारलं. मोटार खोकली, थुंकली, हळदीच्या वाफा सोडल्या आणि सुरू झाली. पिठलं शिजत असल्यासारखा वास गावभर पसरला. चाकांचे, पुढच्या गादीचे आणि हॉर्नचे भागीदार इस्त्रीचे कपडे घालून हजर होते. न्हावी आपल्या गादीवर जाऊन बसलासुद्धा. आत्याबाई हिरवं लुगडं नेसून, ओटी घेऊन बाहेर आल्या. मामांनी मागचं दार उघडून धरलं. मागे कडब्याचं भरलेलं पोतं होतं, वर घोंगडं अंथरलेलं. मामांच्या कपाळावर घाम होता.

आत्याबाईंनी आत बघितलं. "पोत्यावर बसून जायाचं तर मोटार कशाला? बैलगाडी व्हती की."

मामांचा हात दारावरून खाली आला. मला वाटलं, संपलं. सोललेले गाल, घागरी, ठराव, इतक्या वर्षांच्या त्या बैठका, सगळं ह्या एका गादीपाशी अडलं. न्हावी आपली गादी देऊ करायला अर्धवट उठला, चेअरमन घसा खाकरून काहीतरी मांडू लागले. तेवढ्यात आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, माजी गादी आना बगू भाईर."

मी आत जाऊन ती उंबऱ्यापर्यंत ओढली, ह्यांनी बाहेरून हात लावला. गादी उचलली तर ती कापसाची नव्हतीच. खाली लोखंडी चौकट, अंगाला जड. उंबऱ्यात वाकळा घसरून पडल्या आणि उजेडात ते तपकिरी कातडं दिसलं, जागोजागी भेगाळलेलं, कडेनं पितळी चुका. ह्यांचे हात सुटता सुटता राहिले. आम्ही ती मोटारीत सरकवली. खट्ट असा आवाज झाला आणि ती बसली. दोन्हीकडे बोटभरसुद्धा फट राहिली नाही.

मामांनी वाकून त्या पितळी चुका बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "तुज्याकडं व्हती?"

"मंग कुनाकडं असंल?"

"समद्या गावाच्या वाकळा उचलल्या म्या."

"घरची उचलायची व्हती." मग त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "वड्यात मोटार बंद पडली, तवा तुमी दिसभर इंजनात तोंड घालून व्हताव. म्या मागं एकलीच बसले व्हते हिच्यावर. लई मऊ वाटली. मागनं तुमी एकेक करून समदं वाटाया लागलाव. म्हनलं, आपली जागा तेवढी काडून ठिवावी. लागंल कवातरी."

लागंल कवातरी. इतकी वर्षं टोमणे मारणारी ही बाई, आणि तिची खात्री होती की हा माणूस एक ना एक दिवस नेणार. मामांची स्वतःची तेवढी खात्री नसावी. ओटीतला नारळ सावरायच्या निमित्तानं मी खाली बघितलं. मामा पुढे जाऊन रेडिएटरचं घट्ट बसलेलं झाकण उगीचच पुन्हा घट्ट करत राहिले.

ओढ्यापाशी सगळ्यांनी श्वास रोखला. मोटार पार झाली. ओढा कोरडा ठणठणीत होता, हेही सांगायला हवं. आमच्या कोरड्या माळाचा उपकार झाला तो एवढाच. चेअरमननी हॉर्न वाजवून वाजवून वाटेतली सगळी गुरं उठवली. उस्मानाबादच्या बाजारात लोक पिशव्या खाली ठेवून बघत राहिले, पिठलं कुठं शिजतंय म्हणून एकानं विचारलंही. आणि तुळजापूर जवळ आलं, शेवटचा चढ समोर दिसला, तिथं मोटारीनं एक सुस्कारा टाकला आणि ती थांबली.

मामा उतरले, इंजिनाकडे गेले आणि डोकं आत घालणार तोच मागून आवाज आला, "त्यात तोंड घालायचं न्हाय."

मामांनी उचललेलं बॉनेट खाली सोडलं.

"म्या उतरनार बी न्हाय. बसा तुमच्या जाग्यावर. बाकीच्यांनी ढकला."

मग काय, सगळे भागीदार खाली. न्हावी, बैलगाडीवाला, हॉर्नच्या देखरेखीला आलेले चेअरमन, हे आणि मी. इस्त्री मोडली, धोतरं खोचली गेली. चढ काही आम्हाला आवरेना. तेवढ्यात सोलापूरकडून आलेली यात्रेकरू माणसं दर्शन करून रस्त्यानं चालली होती. म्हातारी मोटार, आत हिरव्या लुगड्यातली म्हातारी आणि मागं घामाघूम लटांबर बघून त्यांनीही हात लावले. कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणालं आणि मोटार हलली. पुढं मामा चाक धरून ताठ, मागं आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन त्याहून ताठ, आणि अशी ती वरात उदोकारात गावात शिरली. नंतर कुणी विचारलं की आत्याबाई सांगायच्या, मोटारीतनं गेले. ढकलत गेली का चालत, हे कुणी इचारलं न्हाय नव्हं?

जोडीनं दर्शन झालं. देवीसमोर आत्याबाईंचे ओठ हलत राहिले आणि गालांवरून पाणी येत राहिलं, त्यांनी ते पुसलंही नाही. बाहेर आवारात कौलाचा वाटोळा दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात टेकायचे. दगड उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, हललाच नाही तर वेळ लागणार. मामा पुढं बसले, हात ठेवले, आणि जन्माची ड्रायव्हरकी, दगड दोन्ही हातांनी धरून त्यांनी सरळ उजवीकडे वळवला.

"अहो आजोबा, हात नुसते ठेवायचे," पुजारी म्हणाले. "फिरवायचं काम देवीचं."

मामांनी ओशाळून हात काढून घेतले. "काय इचारत व्हताव?" आत्याबाईंनी विचारलं. "घरापतोर जाईल का," मामा पुटपुटले. आत्याबाई पायऱ्यांकडे वळल्या. "न्हाय गेली तर बैलं हायत की. लागलं एकदाचं लगीन."

उताराला लागल्यावर मोटार आपोआप सुरू झाली आणि दिवस मावळायच्या आत आम्हाला घरी घेऊन आली. आत्याबाई उतरल्या आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर गादी काढायला लावली. मामा कळवळले. "अगं, मोटार आता कुठं पुरी झाली." "मोटार पुरी झाली," त्या म्हणाल्या, "माजं जोंधळं राह्यल्यात." गादी पुन्हा चुलीपुढं गेली, भिंतीशी, वाकळा घालून. मामा सोप्यात थोडा वेळ बसले. मग उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी आले, टोपी काढली आणि उंबरा ओलांडून आत येऊन आत्याबाईंच्या शेजारी बसले. गादी कुरकुरली. मी मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं. त्यानंतर मामांचा चहा सोप्यात कधी गेला नाही.

पुढं काही वर्षांनी पुण्याकडचा कुणी शौकीन माणूस गावात आला, मोटारीभोवती फिरला आणि नेमकं नको ते वाक्य बोलला. "पडूनच आहे ना मामा? रंगवून, नीट करून आणून देतो." मामा नाही म्हणू शकले नाहीत. मोटार ट्रकवर चढून गेली. शौकीन माणसानं गादीसाठी बरीच मनधरणी केली, तर आत्याबाई म्हणाल्या, मोटार न्या, ती त्यांची. गादी माझी हाय, माहेरची. मोटार परत आली नाही, आणि मामांनी कधी विचारलंही नाही. आता ती दोघंही नाहीत.

मंगल कार्यालयातली ती मोटार तीच होती, असं मी म्हणत नाही. तसल्या मोटारी आणखीही असतील. पण त्या हातमोजेवाल्या गृहस्थांनी माझं हसणं बघितलं होतं, आणि ते चिकट निघाले. पंगतीपर्यंत मागे आले. "काकू, तुम्हाला माहिती आहे काहीतरी. अशी जुनी गादी कुणाकडे पडून असली तर सांगा ना."

घरी ती अजून चुलीच्या जागी आहे. चूल गेली, गॅस आला, गादी तिथंच. एका बाजूला आत्याबाईंच्या बसण्यानं खोलगट खळगा पडला आहे. दुसरी बाजू आधी टणक होती, पण मामांनीही नंतरची वर्षं काही कमी बसून काढली नाहीत. मी निवडायला बसते ती मधल्या उंचवट्यावर, थोडी अवघडून. ह्या दोन जागांवर बसायला अजून मन होत नाही.

"पडून नाही हो," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "ती वापरात आहे."